घडीच्या सौर पॅनेलवर लॅपटॉप चार्ज करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावी राहून ऑनलाइन नोकरी करणारे, मेळघाटात किंवा भामरागडकडे फिल्डवर्कला जाणारे, शेतावरच्या घरात वर्षातले काही महिने काढणारे अशा लोकांकडून हे प्रश्न सतत येतात. त्यातले बरेच प्रश्न पॅनेल विकत घेऊन झाल्यावर येतात. ते खरेदीआधी यावेत, एवढ्यासाठी ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

पॅनेलची वायर थेट लॅपटॉपला लावली तर चालतं का?

काही पॅनेलना टाइप-सीचं सॉकेट असतं आणि कडक उन्हात त्यावर लॅपटॉप चार्ज होतोही. पण त्यावर विसंबून काम करू नका. पॅनेलची वीज दर मिनिटाला बदलते, आणि लॅपटॉपला मात्र ठरलेल्या व्होल्टेजची एकसारखी वीज लागते. मध्ये यूएसबी मीटर लावून बघितलं की लगेच लक्षात येतं. स्वच्छ ऊन असताना आकडा चाळीस वॅटच्या आसपास असतो. ढगाचा एक तुकडा सूर्यासमोर आला की तो सात-आठवर येतो, व्होल्टेज कोसळतं आणि लॅपटॉप चार्जिंग तोडतो. ढग सरकला की पुन्हा जोडणी, पुन्हा टुंग असा आवाज. पाच मिनिटांत हे चार-पाचदा होतं. काही चार्जर तर एकदा तुटल्यावर वायर काढून पुन्हा लावेपर्यंत ढिम्म राहतात. तुम्ही आत कामात असता आणि बाहेर तासभर पॅनेल नुसतंच ऊन खात पडलेलं असतं.

म्हणून मध्ये बॅटरी हवीच. बोअरचं पाणी येईल तसं टाकीत साठवायचं आणि नळाला टाकीतून घ्यायचं, तसंच हे आहे. पॅनेलने दिवसभर जमेल तशी बॅटरी भरावी आणि लॅपटॉपने बॅटरीतून हवी तेव्हा वीज घ्यावी. पुढची सगळी उत्तरं हे गृहीत धरूनच आहेत.

चार्जरवर ६५ वॅट लिहिलंय. म्हणजे लॅपटॉप तासाला ६५ वॅट खातो का?

नाही. ६५ वॅट ही चार्जरची कमाल क्षमता. लॅपटॉप चालू असताना बॅटरीही भरायची असेल तर तेवढी लागू शकते. लिहिणं, ईमेल, ब्राउझर, एक्सेल अशा कामाला साधा लॅपटॉप साधारण ८ ते १५ वॅट घेतो. व्हिडिओ कॉल चालू असला की हा आकडा वाढतो. गेमिंगचा किंवा व्हिडिओ एडिटिंगचा लॅपटॉप शंभरच्याही वर जातो, त्याचा विचार घडीच्या पॅनेलवर करूच नका.

हिशेब वॅट-तासांत करायचा, म्हणजे वॅट गुणिले तास. लॅपटॉपच्या बॅटरीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो, बहुतेक ४० ते ७०च्या दरम्यान. एम-१ मॅकबुक एअरची बॅटरी ४९.९ वॅट-तासांची आहे. ती एकदा पूर्ण भरायला वाटेतली गळती धरून ६० वॅट-तास लागतील असं समजा.

आता आठ तासांचा कामाचा दिवस मांडू. लॅपटॉप सरासरी १२ वॅट, म्हणजे ९६ वॅट-तास. फायबरचा राउटर ८ वॅट, म्हणजे आणखी ६४. मोबाइलसाठी १५. बेरीज १७५. बॅटरीत भरताना आणि काढताना पाचवा हिस्सा तरी वाया जातो, तेव्हा पॅनेलकडून रोज २२० ते २३० वॅट-तास यायला हवेत. राउटरचा खर्च बघा, लॅपटॉपच्या दोन तृतीयांश आहे! तो हिशेबात धरायचा हमखास राहून जातो आणि संध्याकाळी चार वाजता बॅटरी का बसली ते कळत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागत असेल तर राउटर बंद ठेवणं हीच मोठी बचत.

मग किती वॅटचं पॅनेल घेऊ?

वर मांडला तसा पूर्ण दिवस चालवायचा असेल तर १०० वॅट. दिवसातून एकदा लॅपटॉप भरून निघाला तरी पुरे असेल तर ६० वॅट. पाठीवरच्या पिशवीला टांगायची २०-२८ वॅटची पॅनेलं मोबाइलसाठी चांगली असतात, लॅपटॉपसाठी ती घेऊ नका.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात दिवसाला साधारण साडेपाच तासांचं पूर्ण ऊन धरतात. म्हणजे दिवसभराच्या कोवळ्या-कडक उन्हाची बेरीज साडेपाच तासांच्या भर उन्हाइतकी होते. १०० गुणिले साडेपाच म्हणजे ५५०, आणि त्यातले प्रत्यक्षात सत्तर टक्के हाती लागले तर ३८५ वॅट-तास. एप्रिलमध्ये हे गरजेपेक्षा बरंच जास्त वाटेल, पण पॅनेल एप्रिलच्या हिशेबाने घ्यायचं नसतं.

१०० वॅटच्या पॅनेलमधून मला ६५-७० वॅटच मिळतात. फसवणूक झाली का?

बहुतेक नाही. पॅनेलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, अशा स्थितीत तो मोजतात. आपल्याकडे उन्हात ठेवलेल्या काळ्या पॅनेलचं तापमान २५ अंश राहणं अशक्यच. विदर्भात मे महिन्यात ते ६५ अंशांवर सहज जातं. सिलिकॉनचं पॅनेल दर अंशामागे साधारण ०.४ टक्का क्षमता गमावतं. ४० अंश जास्त म्हणजे १६ टक्के गेले, आणि तेही आकाश निरभ्र असताना. त्यात धूळ, थोडा चुकलेला कोन, वायरमधली घट.

उष्णतेवर इलाज आहे. पॅनेल तापलेल्या पत्र्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर थेट पसरू नका. सुंभाच्या किंवा नवारीच्या खाटेवर टाका, खालून वारा खेळता राहिला की फरक आकड्यात दिसतो. खाट नसेल तर दोन खुर्च्यांना टेकवून उभं करा.

मात्र भर दुपारी, स्वच्छ उन्हात, सूर्याकडे नीट तोंड करूनही १०० वॅटचं पॅनेल ४० वॅटच्या वर जात नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे. आधी बॅटरी भरत आलेली नाही ना ते बघा, कारण भरत आलेली बॅटरी स्वतःच कमी वीज घेते. मग वायर बदलून बघा. तरीही आकडा तोच राहिला तर पॅनेल परत करा. स्वस्तातल्या पॅनेलवर फुगवून आकडे छापलेले असतात. त्यासाठी सोपी पडताळणी अशी: चांगल्या मोनो (एकस्फटिकी सिलिकॉनच्या) सेलची कार्यक्षमता २० ते २३ टक्के असते, त्यामुळे १०० वॅटसाठी नुसत्या सेलचं क्षेत्रफळच जवळपास अर्धा चौरस मीटर भरायला हवं. वर्तमानपत्राच्या एका पानाएवढ्या पॅनेलवर १०० वॅट लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

पॅनेल कोणत्या दिशेला आणि किती तिरकं ठेवू?

डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडे तोंड आणि चांगलं तिरकं, जमिनीशी चाळीसएक अंश. पुण्यात डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. तेव्हा पॅनेल आडवं टाकलं तर भर दुपारी पावभर वीज जाते. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये वीस अंश पुरतात.

उन्हाळ्यात गंमत वेगळी आहे. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलै उलटेपर्यंत तो माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो. या काळात ‘पॅनेल दक्षिणेकडे’ हा पाठ केलेला नियम सोडा आणि पॅनेल सरळ आडवं ठेवा.

घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत, हेही लक्षात ठेवा. कोकणात आणि पुण्या-मुंबईकडे सूर्य सरासरीने साडेबाराच्या पुढे माथ्यावर येतो, नागपूरकडे सव्वाबाराला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात सगळ्यात चांगली वीज साडेदहा ते अडीच या वेळात मिळते. सकाळी एकदा पूर्वेकडे, जेवणाआधी मधोमध आणि तीननंतर पश्चिमेकडे, असं तीनदा फिरवलं तर चांगली भर पडते. कामातून उठायचं निमित्त म्हणूनही ते बरं.

थोडीशी सावली पडली तर किती फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा खूप जास्त. पॅनेलमधले सेल एकामागून एक साखळीत जोडलेले असतात. एका सेलवर सावली पडली की साखळीतला सगळा प्रवाह अडतो. बायपास डायोड असतील तर तेवढा भाग वगळला जातो, तरी वीज तिसऱ्या हिश्श्याने किंवा निम्म्याने घटू शकते. कोकणात अंगणात पॅनेल ठेवताना माडाच्या झावळीची एक बारीक सावली त्यावरून फिरत असते. ती नजरेला किरकोळ दिसते आणि आकडा मात्र साठवरून वीसवर आलेला असतो. कपडे वाळत घालायची दोरी, टीव्हीची छत्री, गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाकीचा पाइप, सगळं तपासा. पक्ष्याची विष्ठा म्हणजेही सावलीच, ओल्या फडक्याने लगेच पुसा. खरखरीत स्क्रबर वापरू नका, वरच्या थरावर चरे पडतात.

काचेच्या खिडकीआड किंवा गाडीच्या काचेआड ठेवणंही टाळा. काच प्रकाश खाते, कोन चुकतो आणि खिडकीतून आकाशाचा जेमतेम एक तुकडा पॅनेलला दिसतो.

पावसाळ्यात चालेल का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कारण आपल्याकडे वीज जास्त जाते ती पावसाळ्यातच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, खांबच्या खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नेमके ते दिवस पावसाच्या तोंडावरचे. तेव्हा पॅनेल घेताना जुलै डोळ्यांसमोर ठेवा.

पातळ मळभ असेल तर पॅनेल तिसरा हिस्सा, कधी थोडी जास्तही वीज देतं. काळाकुट्ट झाकोळ आणि संततधार असेल तर दहावा हिस्साही मुश्किलीने. म्हणजे एप्रिलमध्ये ३८५ वॅट-तास देणारं पॅनेल जुलैतल्या उघडझाप असलेल्या दिवशी दीड-दोनशे देईल आणि मुसळधार दिवशी पन्नासही देणार नाही. तेवढ्यात मोबाइल आणि एखादा दिवा निघेल, लॅपटॉप नाही. ढगाळ दिवशी पॅनेल सूर्याकडे तिरकं न ठेवता आकाशाकडे तोंड करून आडवं ठेवा, कारण तेव्हा उजेड सगळीकडून सारखाच येतो.

घाटमाथ्यावर किंवा तळकोकणात राहणाऱ्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: जून ते सप्टेंबर सौर पॅनेल हा दुय्यम आधार माना. दोन दिवस पुरेल एवढी मोठी बॅटरी ठेवा आणि लाइट असेल तेव्हा ती भिंतीवरच्या सॉकेटवर भरून घ्या.

भिजण्याबद्दल: पॅनेलचा पृष्ठभाग पावसाच्या सरीला घाबरत नाही, पण मागची यूएसबीची डबी बहुतेकदा घाबरते. जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असलं तरी ती डबी कोरडी ठेवा. भिजलेलं पॅनेल घडी करून कपाटात टाकू नका, बुरशी धरते आणि शिवणीतून पाणी आत जातं.

मधली बॅटरी कोणती घेऊ?

तीन वाटा आहेत.

लॅपटॉपची पॉवर बँक सगळ्यात सुटसुटीत. २०,००० एमएएचवर जाऊ नका, वॅट-तास बघा. ३.७ व्होल्टने गुणलं की २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास होतात, आणि लॅपटॉपपर्यंत पोचतात साठच्या आसपास. एक लॅपटॉप एकदा भरेल, तेवढंच. शिवाय आउटपुट टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीमधून जास्त वॅट देण्याची पद्धत), निदान ६० वॅटचं हवं. पॅनेलकडून येणारी वीज ती किती वॅटने घेते हेही विचारा. १८ वॅटनेच भरणारी बँक १०० वॅटच्या पॅनेलला लावली तर उरलेलं ऊन फुकट.

पॉवर स्टेशन म्हणजे बॅटरी, पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा कंट्रोलर, इन्व्हर्टर आणि सॉकेट एकाच डब्यात. महाग, पण ज्यांना वायरींत हात घालायचा नाही त्यांनी हेच घ्यावं. ३०० वॅट-तासांच्या आसपासचं एका माणसाच्या दिवसाला पुरतं. त्याच्या सौर इनपुटची व्होल्टेजची मर्यादा मात्र नीट वाचा. दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक, जोडली की व्होल्टेज दुप्पट होतं, २२ चं ४४, आणि मर्यादा ओलांडली तर डबा कायमचा जातो. पॅरललमध्ये, म्हणजे समांतर, जोडली तर व्होल्टेज तेवढंच राहतं, अँपिअर वाढतात, आणि जास्तीचे अँपिअर डबा घेतच नाही.

तिसरी वाट स्वतः जुळवायची, आणि मला तीच आवडते, कारण बिघडलं तर तेवढाच भाग बदलता येतो. १२ व्होल्टची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, एक चार्ज कंट्रोलर, १० अँपिअरचा फ्यूज आणि गाडीत लावतात तो ६५ वॅटचा टाइप-सी पीडी कार चार्जर. एवढ्यात काम होतं. इन्व्हर्टर लागतच नाही, त्यामुळे बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट करायची आणि लॅपटॉपच्या चार्जरने ती पुन्हा २० व्होल्टवर आणायची हा दुहेरी तोटा वाचतो. १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची अशी बॅटरी १५० वॅट-तासांची होते आणि हाताने सहज उचलता येते. आधी हिशेब मांडलेल्या पूर्ण दिवसाला त्याच्या दुप्पट घ्या. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण तिच्या ८४ वॅट-तासांतले निम्मेच वापरावेत, नाहीतर वर्षभरात मरते.

फ्यूज गाळू नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण शॉर्ट झालेली वायर पेट घेते.

कंट्रोलर पीडब्ल्यूएम घेऊ की एमपीपीटी?

पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी हे चार्ज कंट्रोलरचे दोन प्रकार. १०० वॅटचं पॅनेल साधारण १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर देतं, ९९ वॅट. पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो: १३ गुणिले साडेपाच, ७१ वॅट. एमपीपीटी जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलून देतो. फरक एवढा मोठा असताना एमपीपीटीच घ्या, पण नामांकित. बाजारात एमपीपीटी असं नुसतं छापलेले साधे कंट्रोलर भरपूर आहेत. वजनाला अगदी हलका आणि उघडल्यावर आत तांब्याची जाड गुंडाळी नसेल तर तो एमपीपीटी नाही. लिथियम बॅटरीसाठी त्यावर तशी सेटिंग असायला हवी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

लॅपटॉपला टाइप-सी आहे, पॅनेललाही आहे. तरी चार्ज होत नाही.

पिन तीच असली तरी आतली बोली वेगळी असते. बहुतेक लॅपटॉप २० व्होल्ट मागतात. पॅनेलचा टाइप-सी अनेकदा ९ किंवा १२ व्होल्टवरच थांबतो, मोबाइलपुरता. काही लॅपटॉपचा टाइप-सी फक्त डेटासाठी असतो, त्यातून चार्जिंग होतच नाही. पोर्टशेजारी बॅटरीची किंवा विजेची खूण आहे का बघा. केबलही तपासा. साधी केबल ६० वॅटपर्यंत चालते, त्यापुढे ५ अँपिअरची लागते.

माझ्या जुन्या लॅपटॉपला गोल पिन आहे.

बहुतेक गोल पिनांना १९-२० व्होल्ट लागतात. टाइप-सी पीडीमधून २० व्होल्ट काढून गोल पिनला देणारी केबल मिळते, ती सोपी पडते. पिनचा आतला-बाहेरचा व्यास मोजून घ्या. डेल आणि एचपीच्या मध्ये बारीक सुई असलेल्या पिनमधून लॅपटॉप चार्जर ओळखतो. साधी पिन लावली तर तो चालू राहतो पण बॅटरी भरत नाही, तेव्हा त्या कंपनीसाठीचीच केबल घ्या.

घरी इन्व्हर्टर आहे. तरी पॅनेल घेऊ?

शहरात असाल आणि भारनियमन तास-दोन तासांचं असेल तर नको. १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, त्यापुढे लॅपटॉप काहीच नाही. पैसे वाचवा. दिवसच्या दिवस लाइट जात असेल तर मात्र त्याच बॅटरीला कंट्रोलर लावून पॅनेल जोडता येतं, आणि त्यासाठी घडीचं नव्हे, छतावर बसवायचं काचेचं घ्या. त्याच वॅटला ते बरंच स्वस्त पडतं आणि कितीतरी जास्त टिकतं. घडीचं पॅनेल ज्याला हलवायचं आहे त्याच्यासाठीच.

ट्रेकला नेऊ का? आणि विमानात?

सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या ट्रेकला नको. १०० वॅटचं पॅनेल चार-पाच किलोचं असतं, पाठीवर हलत राहतं आणि जंगलातून जाताना सावलीतच असतं. घरून भरलेली पॉवर बँक न्या. आठवडाभर एका जागी तळ ठोकणार असाल तर पॅनेल न्यायला अर्थ आहे.

विमानात पॅनेलची अडचण नसते, बॅटरीची असते. पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची नेता येत नाही. म्हणजे पॉवर स्टेशन विमानाने जाणार नाही.

सौर विजेने लॅपटॉपची बॅटरी खराब होते का?

विजेने नाही, उन्हाने होते. लॅपटॉप आणि पॉवर बँक पॅनेलशेजारी उन्हात ठेवू नका, पॅनेलच्या मागच्या खिशातही नको. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि पॅनेलच्या मागे तापमान त्याहून बरंच जास्त असतं. लांब वायर घ्या, पॅनेल बाहेर, बॅटरी घरात. लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

किती वर्षं टिकतं? आणि मोडल्यावर काय करायचं?

घडीची पॅनेलं आधी घडीवर मोडतात. आतली वायर तुटते आणि अर्धं पॅनेल मरतं. वरचा थर ईटीएफई प्लास्टिकचा असेल तर उन्हात जास्त टिकतो, पीईटी प्लास्टिकचा लवकर पिवळा पडतो आणि सुटतो. खरेदी करताना एवढं विचाराच. काम नसताना ते उन्हात पडू देऊ नका. फेरो फॉस्फेट बॅटरी नीट वापरली तर दोन हजारांहून जास्त वेळा भरता येते. फुगलेली किंवा विनाकारण तापणारी लिथियम बॅटरी लगेच वापरातून काढा, घरातल्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ज्या दुकानातून घेतली तिथे किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्या. नेण्याआधी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा.